दुःखाच्या घरातलं भजन

पुणे जिल्ह्यातल्या मावळ, मुळशी, खेड भागात माणूस गेला की भजनी मंडळाला वेगळा निरोप धाडावा लागत नाही. बातमी कळते तसे टाळकरी जमतात, कुणीतरी मृदंग गळ्यात अडकवतो आणि अंत्ययात्रा ‘रामकृष्ण हरी’च्या लयीत चालू लागते. दहाव्याला नदीच्या घाटावर प्रवचन, तेराव्याच्या सुमारास कीर्तन आणि मधल्या रात्री घरी भजन. शहरात हे सगळं आक्रसलं आहे. वैकुंठ स्मशानभूमीतली वेळ ठरली की तिथपासून माणसं घड्याळाकडे बघू लागतात, सोसायटीत रात्री उशिरा आवाज चालत नाही आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पंधरा माणसं बसली की दार उघडंच ठेवावं लागतं. तरीही पेठांपासून सिंहगड रस्त्यापर्यंत त्या दहा-बारा दिवसांत एखाद्या संध्याकाळी शेजारच्या चौघीजणी येतात, सतरंजी अंथरली जाते आणि भजन होतं.

त्या भजनातून आधार कसा मिळतो आणि कसं केलं तर मिळतो, याबद्दल सविस्तर लिहायला हवं. भजन केलं की धीर येतोच असं नाही. घाईनं, दिमाखात किंवा शिकवणीच्या सुरात केलेलं भजन दुःखातल्या माणसाला जास्तच एकटं पाडतं, आणि तसं बऱ्याचदा होताना दिसतं.

अभंगांत मोठं तत्त्वज्ञान आहे म्हणून धीर येतो, असं सहसा सांगितलं जातं. पुढच्या महिन्यांत ते खरंही ठरतं. पण पहिल्या चार-सहा दिवसांत शब्द कानावर पडतात, आत जात नाहीत. ‘जेवलात का’ या प्रश्नाला उत्तर द्यायलासुद्धा ज्याला वेळ लागतो, त्याला देहाचं नाशिवंतपण काय समजावणार? त्या दिवसांत उपयोगी पडते ती भजनाची बांधणी. कुणीतरी ओळ म्हणतं, बाकीचे तीच ओळ परत म्हणतात. नवीन काही सुचावं लागत नाही. भेटायला आलेल्यांचीही त्यातून सुटका होते. कारण अशा घरी सगळ्यात अवघड असते ती पहिल्या पाच मिनिटांनंतरची शांतता, आणि ती भरून काढायला माणसं नको ते विचारतात. शेवटी काही बोलले का, आधी लक्षात आलं नव्हतं का, कुठल्या हॉस्पिटलात नेलं होतं. भजन सुरू झालं की हे प्रश्न थांबतात.

मोठ्या अभंगाची रचना जरा जवळून पाहू. चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. ‘सुंदर ते ध्यान’ सहा, ‘उभे विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा, ‘ठेवोनियां’ चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, आणि चौथा आखूड असल्यामुळे चालीत तिथे जागा उरते. सूर लांबवता येतो, थांबता येतं, श्वास घेता येतो. ज्याला रडू आवरत नाही त्याच्या तोंडून पहिले तीन चरण निघत नाहीत. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. पण चौथ्या चरणापर्यंत सगळ्यांचा सूर एकत्र आलेला असतो, यमकानं पुढचा शब्द जवळजवळ हातात आणून ठेवलेला असतो आणि म्हणायची अक्षरं फक्त चार असतात. तिथे तो सामील होतो. पुढच्या फेऱ्याला कदाचित तिसऱ्या चरणापासून. भजनात मागे बसून नीट पाहिलं तर हे दिसतं. शोकातला माणूस ओळीत शेवटाकडून शिरतो. आणि त्यानं मधली अक्षरं सोडली तरी कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ओळ बाकीच्यांनी धरलेली असते. बोलण्यात अशी सवलत मिळत नाही. वाक्य अर्धवट सुटलं की समोरचा वाट बघत बसतो.

श्वासाचा हिशेबही मांडता येतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा. मिनिटाला ९६ मात्रांच्या आसपास लय धरली तर एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक फेरी, पाच सेकंदांत पुरं होतं. पुढे म्हणणाऱ्याची ओळ एका आवर्तनात बसली, मागच्यांची पुढच्या आवर्तनात, तर ऐकताना श्वास भरायला पाच सेकंद मिळतात आणि म्हणताना तो सोडण्यात पाच जातात. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी निरोगी माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो आणि रडून थकलेल्याचा श्वास तर वरच्यावर, तुटक चालतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणणाऱ्या माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा हितकारक परिणाम होतो, असं त्यांना आढळलं. त्यांनी अभंग तपासले नव्हते, पण एकानं म्हणायचं आणि इतरांनी उत्तर द्यायचं ही रीत त्या प्रार्थनेतही आहे आणि आपल्या भजनातही.

म्हणूनच लय हा सगळ्यात नाजूक भाग. मंडळांना सवय असते चढवत नेण्याची. संथ सुरुवात, मग दुगण म्हणजे दुप्पट लय, मग टाळांचा कल्लोळ. सप्ताहात आणि पालखीच्या वाटेवर ती चढण हवीच, तिचा आनंद वेगळा. शोकाच्या घरी मात्र लय वाढली की मागच्यांना श्वास पुरेनासा होतो. ज्याच्यासाठी आपण आलो तो माणूस आधी गप्प होतो आणि मग पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून जातो. तो उठून गेला तर पुढची ओळ थांबवून लय खाली आणावी, त्याला हाक मारू नये. लय वाढण्याचं कारण बहुतेकदा टाळ असतात. छोट्या खोलीत टाळांचा आवाज भिंतींवरून परत येतो, हातांना जोर चढतो आणि जोराबरोबर घाई. त्यावर सोपा उपाय म्हणजे टाळांची एकच जोडी न्यावी आणि ती सगळ्यात जुन्या, हात बसलेल्या माणसाकडे द्यावी. टाळ मोकळे ठणकावण्याऐवजी आघातानंतर लगेच एकमेकांवर दाबून धरले की नाद आखूड होतो आणि आठ मात्रा नीट मोजल्याही जातात.

पट्टीची, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा याची, चूक तर फार घरांत होते. वारकरी भजनात पट्टी उंच धरण्याची परंपरा आहे. मोकळ्या माळावर, शेकडो माणसांत आवाज पोचवायचा तर ती लागतेच. तीच पट्टी दिवाणखान्यात धरली की कसलेला गायक एकटा गातो आणि बाकीचे श्रोते होतात. रडलेल्या माणसाचा घसा सुजलेला असतो, वरचे सूर लागत नाहीत, आवाज चिरकतो. चिरकला की तो लाजतो आणि तोंड मिटतो. स्त्री-पुरुष एकत्र बसणार असतील तर पेटीवरची काळी एक किंवा पांढरी दोन ठीक पडते. फक्त बायकांचं भजन असेल आणि मंडळ एरवी काळी पाचला गात असेल तर त्या दिवशी काळी चार किंवा पांढरी पाच धरावी. चालही अशी निवडावी की तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, फार वर जावं लागणार नाही. शंका असेल तर मंडळातल्या सगळ्यात वयस्कर बाईला न ताणता कुठवर जाता येतं ते आधी पाहावं आणि तिच्या आवाजाला पट्टी जुळवावी.

पेटी असली तर बरी, पण सूर धरून ठेवण्यापुरती. ओळीओळीच्या मधे पेटीवर तुकडे वाजवण्याचा मोह टाळावा. मोबाइलवरचा तानपुरासुद्धा पुरतो, फक्त तो लावण्याआधी फोनच्या सूचना बंद कराव्यात. मृदंग न्यायचा असेल तर त्याची तयारी त्या घरात करू नये. डाव्या पुडीला कणीक लावायची, उजवी शाईची पुडी वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून सुरात आणायची, याला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि फोटोपुढे दिवा तेवत असलेल्या खोलीत हातोडीची ती ठोकाठोक ऐकवत नाही. खाली, जिन्यात किंवा शेजारच्या घरी मृदंग लावून मगच वर जावं. कणीक पंख्याखाली वाळते, वाळली की हलकी होते आणि डाव्या पुडीचा खर्ज जातो. बरोबर थोडी भिजवलेली कणीक ओल्या फडक्यात ठेवावी, म्हणजे मधेच ‘वाटीभर पाणी द्या’ म्हणायला नको. आणि स्पीकर नको. कितीही छोटा असला तरी नको. माइकमधून आलेला आवाज खोलीतल्या माणसांचा राहत नाही, आणि माइकसमोर बसलेला माणूस नकळत कार्यक्रम करू लागतो.

अभंगांची निवड करताना मात्र अर्थाकडे पूर्ण लक्ष द्यायला हवं. तुकोबांनी १६३०च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ देहूत सोसला. धंदा बुडाला, घरातली माणसं गेली. त्यावर त्यांचा अभंग आहे, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. मराठीत याच्याइतकं धैर्याचं बोलणं क्वचितच सापडेल. पण ते ज्याच्यावर गुदरलं त्यानं स्वतःबद्दल म्हटलेलं आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन, ज्या बाईचा नवरा आठवड्यापूर्वी गेला तिच्यासमोर बसून ‘बरे झाले देवा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’चंही तसंच. ही ओळ ती बाई स्वतःहून गुणगुणू लागली तर त्यात तिचं बळ असतं. बाहेरून आलेल्यांनी तिला ती ऐकवली की उपदेश होतो. भजनाचं सामर्थ्य ‘मी’ म्हणण्यात आहे. अभंगातला मी गाणाऱ्याच्या तोंडी येतो तेव्हा तो त्याचा होतो. म्हणून जे त्या माणसाला आज स्वतःच्या तोंडानं म्हणता येणार नाही, ते आज गाऊ नये.

मग काय गावं? करुणापर अभंग. ‘कन्या सासुऱ्यासी जाये । मागें परतोनी पाहे’ यात समजूत घातलेली नाही, फक्त ओढ आहे, आणि मागे वळून पाहणं आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला त्या क्षणी तेवढंच ठाऊक असतं. चोखोबांचे तक्रारीचे अभंगही गावेत. ‘धांव घालीं विठू आता, चालूं नको मंद’ असं देवाला दरडावून म्हणण्याची सोय आपल्या संतांनी ठेवलेली आहे. आजारपणात पैसा आणि माणूस दोन्ही गेलेल्या घरात देवावरचा राग असतो, तो दडपला जातो, कारण सगळे येऊन ‘देवाची इच्छा’ म्हणत असतात. चोखोबांच्या अभंगात तो राग पूजेच्या ठिकाणीच, टाळाच्या ठेक्यावर, सगळ्यांसमक्ष म्हणता येतो.

रडू येईल म्हणून करुण अभंग टाळायचे, ही मंडळांची दुसरी चूक. आळंदीला दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांच्या संजीवन समाधीचा सोहळा होतो. समाधी १२९६ सालची. तरीही नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग कीर्तनात आले, निवृत्तिनाथांचा शोक आला की मंडपातली माणसं आजही हमसून रडतात. सातशे वर्षांपूर्वीच्या भावंडांसाठी रडताना कित्येकजण स्वतःच्या घरातल्या कुणासाठी रडत असतात, आणि शेजारी बसलेला ते समजतो. आपल्या परंपरेला रडण्याचं वावडं नाही. भजन चालू असताना कुणी रडू लागलं तर गाणं थांबवू नये. थांबवलं की सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात. ध्रुवपद धरून ठेवावं, आवाज थोडा खाली आणावा, जवळ बसलेल्या एकीनं पाठीवर हात ठेवावा. बाकीच्यांनी म्हणत राहावं.

एकूण वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वर नेऊ नये. त्या घरातली माणसं रात्री झोपलेली नसतात. जाण्याआधी एकदा विचारून घ्यावं. काही घरांत सुतकात देवपूजा बंद असते. नामाला सुतक नाही असं वारकरी मानतात आणि बहुतेक घरांना ते पटतं, पण ठरवायचं त्या घरानं. गेल्यावर सरळ नामापासून सुरुवात करावी. ‘जय जय रामकृष्ण हरी’, सात-आठ मिनिटं, चाल न बदलता. याला शब्द पाठ असावे लागत नाहीत, लहान मुलांनाही येतं, आणि तेवढ्या वेळात खोलीचा श्वास एका लयीत येतो. मग ‘सुंदर ते ध्यान’सारखा सगळ्यांना येणारा एखादा रूपाचा अभंग. त्यानंतर एक किंवा दोन करुणापर, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. गेलेल्या माणसाला आवडणारा अभंग घरच्यांनी सांगितला तर तो याच जागी घ्यावा, सुरुवातीला नको. सुरुवातीला घेतला तर पहिल्याच ओळीला सगळ्यांचे गळे दाटतात आणि धरून ठेवायला कुणी उरत नाही. गौळण आणि भारूड त्या दिवशी बाजूला. घर हरिपाठाचं असेल, रोज संध्याकाळी म्हणणारं असेल, तर बाकी सगळं सोडून फक्त हरिपाठ घ्यावा. पाठानुसार २७ किंवा २८ अभंग, साध्या चालीत अर्धा-पाऊण तास जातो आणि मोडलेल्या दिनक्रमातली एक गोष्ट पुन्हा जागेवर बसते.

शेवट पसायदानानं, टाळ खाली ठेवून. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या नऊ ओव्या, सावकाश म्हटल्या तर चारेक मिनिटं. पसायदानात स्वतःसाठी एकही मागणं नाही. खळांची व्यंकटी सांडो, दुरितांचं तिमिर जावो, जो जे वांछील तो ते लाहो. ज्याचं सगळं नुकतंच गेलंय त्या माणसाच्या तोंडी ही ओळ ऐकताना, तो आपल्यालाच काही देतो आहे असं वाटतं. मागच्या चाळीस मिनिटांत त्याला सगळे देत होते. आता तो जगासाठी मागतो. शोकातला माणूस घेण्यानंच जास्त दमतो, हे आपल्याकडे फारसं कुणी लक्षात घेत नाही. प्रत्येक येणारा काही ना काही देऊन जातो, डबा, सल्ला, सांत्वन, आणि त्यानं नुसतं घेत राहायचं. पसायदान त्याला देणाऱ्याच्या जागी बसवतं. त्यानंतर लगेच उठावं. चहा घेत बसलं की पुन्हा ते प्रश्न सुरू होतात.

आजाऱ्याच्या उशाशी रीत वेगळी. तिथे एक किंवा फार तर दोन माणसं, वाद्य कुठलंच नाही, ताल हवा तर चादरीवर बोटांनी. आवाज बोलण्याच्या पट्टीत. हॉस्पिटलात असाल तर आधी सिस्टरना विचारावं आणि शेजारच्या खाटेवरच्यांनाही. ऑक्सिजन लावलेल्या माणसाला ‘तुम्हीपण म्हणा’ असा आग्रह करू नये, त्याचा श्वास त्याला हवा आहे. ओळ म्हणून झाली की नेहमी मागचे जेवढा वेळ घेतात तेवढी जागा मोकळी सोडावी. त्या मोकळ्या जागेत तो मनातल्या मनात म्हणतो, कधी ओठ हलतात. विस्मरणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे फार दिसतं. मुलाचं नाव आठवत नाही, पण लहानपणी पाठ झालेल्या आरतीचा पहिला शब्द उच्चारला की पुढचं कडवं सापडतं. अशा वेळी नवीन चाल घेऊ नये. त्यांच्या आईच्या काळातली, देवघरातली चाल हवी.

२०२०मध्ये कोरोनामुळे ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. भवानी पेठेतला पालखी विठोबा आणि नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा, दोन्हीकडचे मुक्काम त्या वर्षी झाले नाहीत. त्या काळात माणसं अंत्यदर्शनाविना गेली आणि भजनं फोनच्या पडद्यावर झाली. तेव्हा सगळ्यांना एकच अडचण आली, की ताल जुळत नाही. ९६च्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदांची होते. आवाज पोचायला पाव सेकंद लागला तरी टाळी अर्ध्या मात्रेजवळ घसरते, मग प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय रांगू लागते. यावर तोडगा असा, की पुढे म्हणणाऱ्यानं स्वतःच्या घरातल्या एकाला मागे म्हणायला बसवायचं, त्या दोघांचाच आवाज चालू ठेवायचा, बाकी सगळ्यांनी आपापला माइक बंद करून आपल्या घरात मोठ्यानं उत्तर द्यायचं. परदेशी असलेल्या मुलांसाठी आजही हीच रीत वापरावी लागते. एक मोठी उणीव राहते, ती म्हणजे शेजारच्याचा सूर खांद्याला लागत नाही. त्याला इलाज नाही, म्हणून निदान प्रत्येक घरात दोघांनी तरी बसावं.

चाल विसरली तर काय, ही भीती घरच्या माणसांना असते. तिचं उत्तर येरवड्यात मिळतं. २६ सप्टेंबर १९३२ला तिथल्या तुरुंगात गांधीजींनी उपास सोडला तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर हजर होते. त्यांनी गीतांजलीतलं, जीवन सुकून जातं तेव्हा करुणेच्या धारेनं ये असं विनवणारं गीत गायलं. गीत त्यांचं स्वतःचं, तरी त्याची चाल त्या वेळी त्यांना आठवली नाही, तेव्हा जी सुचली तीत त्यांनी ते म्हटलं. प्रार्थनेला त्यानं काही उणं आलं नाही.

हे विठ्ठलभक्तांपुरतंच नाही. पुण्यात मराठी ख्रिस्ती उपासनेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं म्हटली जातात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणाऱ्या टिळकांनी भजनाचा हाच घाट उपासनेत नेला. देव कुठलाही असो, ओळ परत म्हणणारी माणसं शेजारी असली की पुष्कळसं काम होतं.

आणि त्यासाठी ती ओळ आधी पाठ असावी लागते. डोळ्यांत पाणी असताना वहीतलं दिसत नाही, मोबाइलवरचं तर नाहीच. म्हणून गुरुवारी किंवा एकादशीला दुपारी तीन ते पाच देवळात, सोसायटीच्या हॉलमध्ये बसणाऱ्या बायकांच्या भजनाला ‘वेळ जायला बरं’ म्हणणाऱ्यांना तिथे काय साठतंय ते कळलेलं नाही. एक अभंग पाठ व्हायला चार बैठका द्याव्यात. पहिल्या बैठकीत फक्त ध्रुवपद, चालीसकट. दुसरीत पहिली दोन कडवी, तिसरीत उरलेली आणि ‘तुका म्हणे’ची ओळ, चौथीत वह्या मिटून सगळा. एका वेळी दोन नवे अभंग घेतले की दोन्हीच्या ओळी एकमेकींत मिसळतात. वर्षाला दहा-बारा अभंग असे पक्के झाले तरी खूप. स्पर्धेसाठी तीस बसवायचे आणि पुढच्या वर्षी विसरायचे, यापेक्षा ते केव्हाही बरं.

तेराव्यानंतर काय करायचं हा प्रश्न मंडळांनी फारच हलका धरला आहे. गर्दी ओसरते, डबे थांबतात आणि खरी रिकामी दुपार तेव्हा सुरू होते. जिच्या घरातलं माणूस गेलं त्या बाईला मंडळात परत बोलावायला माणसं बिचकतात. वर्ष व्हायचंय, तिला बरं वाटेल का, लोक काय म्हणतील. विचारायला जावं, आणि एकदा नाही म्हणाली तर पुढच्या एकादशीला पुन्हा जावं. मात्र रात्र-रात्र झोप नसेल, आठवडेच्या आठवडे अन्न जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं ती बोलू लागली असेल, तर भजनाबरोबर डॉक्टरांकडेही न्यावं, आणि आधी न्यावं.

एका बाबतीत तर नियमच करायला हवा. भजन संपल्यावर तबक फिरतं, हळदीकुंकू लावलं जातं आणि नवरा गेलेल्या बाईला वगळून तबक पुढे जातं. दोन तास जिनं ओळीला ओळ दिली तिला शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यांदेखत बाजूला काढलं जातं. पुष्कळ जणी यानंतर येणंच बंद करतात आणि मंडळ म्हणतं, ‘तिचं मन लागत नव्हतं.’ एक तर तबक सगळ्यांसाठी फिरवा, नाहीतर ते बंद करून बुक्का लावा. बुक्का लावताना वारकऱ्यांत कुणी कुणाला वगळत नाही.

पहिल्या दिवशी तिला पुढे म्हणायला सांगू नये. दुसऱ्या रांगेत, टाळ वाजवणारीच्या शेजारी बसवावं, म्हणजे लय कानाशी राहते आणि समोरच्यांची तोंडं दिसत नाहीत. मागे म्हणणं जमू लागलं की एखादं काम सोपवावं, हॉलची किल्ली सांभाळण्याचं किंवा वहीत नवा अभंग उतरवून घेण्याचं. पुढची ओळ कधी म्हणायची ते तिचं तिला कळतं. ती स्वतःहून एखाद्या अभंगाचं ध्रुवपद उचलेल तेव्हा पट्टी चुकीची लागली असली तरी पेटीवालीनं आपली पट्टी बदलून घ्यावी.